सोयाबीनचा शेंडा पिवळा, शिरा हिरव्या: युरिया नको, आधी पाणी काढा

प्रश्न : सोयाबीन २५ दिवसांचे आहे. जमीन काळी, चुनखडीची आहे. आठवडाभर झड होती. आता शेंड्याची पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. दुकानदार एकरी अर्धी बॅग युरिया आणि 'हरितद्रव्य वाढवणारे' टॉनिक घ्या म्हणतो. टाकू का?

युरिया टाकू नका. टॉनिकवर पैसे घालवू नका. फवारणी पंपाला हात लावण्याआधी शेतातले साचलेले पाणी बाहेर काढा.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहिले की निम्मे निदान होते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची शंका घ्या. वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांचे स्वच्छ जाळे, म्हणजे लोह. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते. लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही, म्हणून उपासमार आधी शेंड्याला दिसते. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीने पसरतो, त्याला खत लागू पडत नाही. ती झाडे उपटून नष्ट करा आणि माशी आवरा. नुकतेच तणनाशक मारले असेल तर शेंडा काही दिवस फिकट पडतो आणि आपोआप सावरतो. त्यावर औषधांचा मारा करू नका.

तुमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर आहे, पण ते गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात आहे. मूळ आपल्याभोवती आम्ल सोडून ते विरघळवून घेते. पाणी साचले की मातीतली हवा संपते, मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होते आणि मुळाने सोडलेले आम्ल जागीच मारले जाते. युरिया टाकल्यावर जमिनीत त्याचे शेवटी नायट्रेट होते, आणि नायट्रेट घेताना मूळ उलट बायकार्बोनेट बाहेर टाकते. म्हणजे ज्याने लोह अडले, त्यातच भर. वर मुळांवरच्या नत्र बनवणाऱ्या गाठींचे काम मंदावते ते वेगळेच. वापसा आला, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत पुन्हा हवा खेळू लागली, की बरेच शेत स्वतःहून हिरवे होते, आणि श्रेय टॉनिकच्या बाटलीला जाते.

पाणी काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. डवऱ्याच्या, म्हणजे आंतरमशागतीच्या बैल-औजाराच्या, जानोळ्याला (दात्याला) दोरी गुंडाळा आणि दर चार ओळींनंतर एक मृत सरी, म्हणजे पाणी काढून देणारी मोकळी सरी, काढा. सरीचे तोंड उताराकडे, बांधाबाहेर उघडे ठेवा. तोंड बंद ठेवलेली सरी म्हणजे शेतातच खोदलेले तळे. चिखलात मात्र डवरा घालू नका. तेव्हा कुदळीने सखल जागेतून चर फोडा, पाय रुतायचा थांबला की डवरा जुंपा. शेंडा पिवळा पडल्याच्या दहा तक्रारी आल्या तर बहुतेक शेतांत पाण्याला वाट नसते. खत कमी पडलेले नसते.

प्रश्न : हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट मारा, असे सांगितले. बरोबर ना?

अर्धे बरोबर, म्हणूनच फसवे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, लोह नसते, हे खरे. पण झाड ते हरितद्रव्य पायरीपायरीने घडवते आणि लोहाशिवाय त्यातल्या पायऱ्या अडतात. मॅग्नेशियम कितीही द्या, रेणू पुरा होत नाही.

पुढचे नुकसान त्याहून मोठे आहे. पानाच्या हिरव्या पेशीत हरितलवके असतात. त्यांच्या आत पातळ पडद्यांच्या चकत्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या असतात. हरितद्रव्य त्या पडद्यांत असते. ते उन्हातला लाल आणि निळा प्रकाश घेते, हिरवा फारसा घेत नाही, म्हणून पान हिरवे दिसते. त्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो. प्राणवायू बाहेर जातो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात. हे हातोहात देणारे अनेक दुवे लोहाचे आहेत. पाणी फोडणारा भाग मँगनीजचा आहे. इथे तयार झालेल्या ऊर्जेवरच, चकत्यांच्या भोवतालच्या द्रवात, पर्णरंध्रांतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते. लोह नसेल तर प्रकाश झेलणारेही कमी आणि ऊर्जा पुढे नेणारेही कमी.

ती साखर गाठींपर्यंत जाते आणि तिच्या मोबदल्यात गाठी नत्र देतात. एक झाड मुळासकट हळूच उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बनते आहे. तो लाल रंगही लोहाच्याच जोरावर असतो. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ कामाची नाही. शेंडा पिवळा आणि गाठ फिकी, ही दोन्ही एकाच आजाराची लक्षणे आहेत. 'हरितद्रव्य' बाटलीतून पानात ओतता येत नाही, ते पानालाच घडवावे लागते.

प्रश्न : मग फवारायचे काय, किती आणि केव्हा?

आधी चाचणी करा, खर्च जवळपास शून्य. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा आणि चार-पाच पिवळ्या पानांवर बोळ्याने पुसा. पाच-सहा दिवसांत पुसल्या जागी हिरवे ठिपके उमटले तर लोहच. नाही उमटले तर पुढची फवारणी करू नका, पान घेऊन सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा.

लोह ठरले तर १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आधी सायट्रिक ॲसिड, मग हिराकस. एकराला साधारण २०० लिटर पाणी, म्हणजे एक किलो हिराकस. गरज वाटली तर ८ ते १० दिवसांनी दुसरी फवारणी. हिराकस फिकट हिरव्या खड्यांची घ्या. तपकिरी पडलेली पुडी फुकट दिली तरी घेऊ नका, ती गंजलेली आहे. द्रावण त्याच दिवशी संपवा.

सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतरच फवारा. भर उन्हात थेंब लगेच वाळतो, क्षार पानावर गोळा होतो आणि कडा करपतात. 'पेट्रोल पंपाला (पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला) मात्रा तिप्पट' हा हिशोब हिराकशीला लावू नका. पान जळते. दुप्पट मात्रेने दुप्पट हिरवे होत नाही, पान जळते. १२:६१:०० किंवा १९:१९:१९ सारख्या स्फुरदाच्या खतात मिसळू नका, लोह आणि स्फुरद पंपातच साकळतात. कीटकनाशक, तणनाशक, टॉनिक आणि हिराकस एकाच पंपात घालणे ही दुकानदाराची सोय आहे, पिकाची नाही.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह, घेत असाल तर पिशवी वाचा. ईडीटीए प्रकार फवारणीला चालतो. चुनखडीच्या जमिनीत टाकला तर त्यातले लोह लवकर सुटते आणि पुन्हा अडकते. जमिनीतून द्यायला ईडीडीएचए प्रकार टिकतो, पण तो महाग आहे. 'ड्रिपमधून ईडीटीए सोडा' हा सल्ला चुनखडीच्या शेताला लागू नाही.

प्रश्न : उसाच्या खोडव्यावर केवडा आला आहे, म्हणजे कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली आहेत. हेच करायचे का?

फवारणी हीच, ०.५ टक्क्याची. पण नुसत्या फवारणीवर राहू नका. एकरी १० किलो हिराकस १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलावा ठेवून ५ ते ६ दिवस मुरवा आणि बगला फोडल्यावर, म्हणजे वरंब्याच्या बाजू नांगरून मोकळ्या केल्यावर, सरीत मुळांजवळ द्या. कोरडी हिराकस नुसतीच जमिनीत भुरभुरली तर चुना तिला अडकवून टाकतो. केवडा दिसला की युरियाचा जादा हप्ता देण्याची रीत इथेही आहे. देऊ नका. सरीत पाणी तुंबत ठेवू नका.

प्रश्न : माती तपासणी आणि अनुदानाचे काय?

मृदा आरोग्य पत्रिकेत लोहाचा आकडा असतो. तो ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४.५ भाग) खाली असेल तर कमतरता समजा. मुक्त चुनखडी पत्रिकेच्या १२ घटकांत नाही, नमुना देताना ती वेगळी तपासायला सांगा. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी, पेरणी यंत्रासाठी कृषी यांत्रिकीकरणाखाली महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर अर्ज करता येतो. लक्ष्यांक आणि अटी बदलतात, त्या पोर्टलवर पाहा आणि पूर्वसंमतीआधी यंत्र विकत घेऊ नका. पुढच्या खरिपात रुंद वरंबा-सरीवरच पेरा. यंत्र मिळाले नाही तर पेरणीच्या वेळीच चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा, म्हणजे पहिल्या डवरणीला त्याच जागी सरी पडेल.