गरोदर असताना सहा महिन्यांची कंत्राटी नोकरी घेणं चुकीचं आहे का?

मुळीच नाही. नैतिक प्रश्न गरोदरपणाचा नाही, कबूल केलेलं काम पूर्ण होईल का याचा आहे.

आधी तारखा मांडा. डॉक्टरांनी दिलेली तारीख ४० आठवड्यांची असते, पण ३७व्या आठवड्यापासून कधीही कळा येऊ शकतात. कंत्राट ३६व्या आठवड्याच्या आत संपत असेल, तर मुलाखतीत हा विषय काढायलाच हवा असं मला वाटत नाही. आधी सांगितलं की नकाराचं कारण भलतंच दिलं जातं, हे वास्तव आहे.

कंत्राट त्यापुढे जात असेल, तर ऑफर लेटर हातात आल्यावर, पण सही करण्याआधी सांगा. नुसती बातमी देऊ नका. ‘अमुक तारखेपर्यंत पूर्णवेळ, शेवटचे दोन आठवडे हँडओव्हर’ असं ईमेलवर लिहून द्या. तुम्हाला कुणाच्या रजेच्या जागी घेतलं असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण ऐनवेळी सगळा भार सहकाऱ्यांवर पडतो.

कामात क्ष-किरण, रसायनं किंवा जड ओझी असतील, तर मात्र थांबू नका. रुजू होण्याआधीच सांगा. आणि प्रसूती रजा, विमा अल्पमुदतीच्या कंत्राटात मिळतो का, हे सहीआधी लेखी विचारा.