आत्याची शाळा आणि आबांची स्मरणिका

*ताई, माण तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा, आबा, गेल्या माघात गेले. ८६ वर्षांचे होते. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं घरात ठरलंय आणि मी पुण्यात शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. काकांनी मुद्दे दिलेत: माजी सरपंच, माळकरी, बहात्तरच्या दुष्काळात गावाला आधार, मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते. मला पुण्याला पाठवताना आबांनी दुभती म्हैस विकली, हे खरंच आहे. पण आत्याची शाळा सातवीनंतर त्यांनीच बंद केली होती. काकांना मात्र साताऱ्याला बोर्डिंगात ठेवलं. आत्या स्मरणिकेसाठी एक शब्द बोलायला तयार नाही. मी कागद घेऊन बसते आणि रडून उठते. खरं लिहिलं तर आबांचा अपमान होईल का?*
*– एक नात, पुणे*

अगं, रडू येतंय तर येऊ दे. अजून वर्षही भरलेलं नाही.

आधी काकांची यादी बाजूला ठेव. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण तालुक्यातल्या कुठल्याही माजी सरपंचाला ती जशीच्या तशी लागू पडेल. ‘गावाला आधार’ म्हणजे आबांनी नेमकं काय केलं, हे तुला अजून कुणी सांगितलेलंच नाही. १९७२ साली पिकं गेली, विहिरी आटल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला गेली, परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, पोरांनी सुकडी खाल्ली. आबा तेव्हा तिशी ओलांडलेले, भर कष्टाच्या वयातले. ते स्वतः खडीवर गेले होते का? बैल विकले की पाहुण्यांकडे नेऊन बांधले? हजेरीपटावर कुणाचं नाव राहिलं म्हणून मुकादमाशी भांडले का? अशी एक गोष्ट हाती लागली की ‘आधार’ हा शब्द लिहायची गरजच उरणार नाही.

ती गोष्ट तुला काकांकडे मिळेल असं वाटत नाही. आजी असेल तर तिच्याजवळ बस. घरी कुणी जुना सालगडी असेल तर त्याच्याकडे जा. फक्त ‘आबा कसे होते’ असं विचारू नकोस, ‘देवमाणूस’ म्हणतील आणि गप्प बसतील. लग्न होऊन आलीस तेव्हा घरात पाणी कोण भरायचं, असं आजीला विचार. उचल मागायला गेलात की आबा काय म्हणायचे, असं गड्याला विचार.

आणि आबांची ट्रंक उघड. त्या पिढीतली पुष्कळ माणसं सगळा हिशेब कॅलेंडरवर लिहीत: म्हैस रेड्याला कधी दाखवली, कधी व्याली, पहिला पाऊस कधी झाला, कुणाला किती पैसे दिले. डेअरीची जुनी कार्डं असतील तर तीही काढ. तारीख, लिटर, फॅट, रक्कम, सकाळ-संध्याकाळ. तू पुण्याला आलीस त्या वर्षीचं कार्ड सापडलं तर बघ, एका दिवसापासून लिटर एकदम उतरलेले दिसतील. ‘म्हैस विकली’ हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस, पण आबांनी ते कमी झालेलं दूध रोज डेअरीत नेऊन घातलंय. ते कार्ड तसंच्या तसं छाप.

आता आत्या. तेव्हा पुष्कळ गावांत सातवीपर्यंतच शाळा होती, पुढचं हायस्कूल लांब. वयात येणारी लेक रोज एसटीने पाठवायची म्हणजे लोक बोलायचे, आणि दुष्काळाची देणीही डोक्यावर असतील. ही सगळी कारणं खरी असतील. पण त्याच घरातून मुलाच्या बोर्डिंगाचे पैसे जात होते, तेव्हा गरिबीवर सगळं ढकलता येणार नाही. कुणाला शिकवायचं आणि कुणाला चुलीपाशी ठेवायचं, हे आबांनी ठरवलं. पुढे त्याच माणसाने नातीसाठी दुभतं जनावर विकलं. मला यात अपमान कुठे दिसत नाही. उलट तुझ्या सगळ्या पत्रात आबा मला इथेच पहिल्यांदा माणूस म्हणून दिसले.

मात्र शाळा सुटली ती आत्याची. ती गोष्ट छापायची की नाही, हे तिनेच ठरवायचं.

आणखी एक विचारते, राग मानू नकोस. आबांच्या मागे वारस नोंद झाली असेल, तेव्हा सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलं की तिच्याकडून हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याची सही, करून घेतलं? महाराष्ट्राने १९९४ साली लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. आता लेकीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, लग्न कधी का झालेलं असेना. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करून देतात आणि मग घरातल्या प्रत्येक कार्याला गप्प गप्प असतात. आत्या शाळेपायी गप्प आहे की सहीपायी, हे कळल्याशिवाय तिला ‘आठवणी सांग’ म्हणणं मला बरं वाटत नाही. सहीचं निघालं, तर स्मरणिकेच्या आधी काकांशी ते बोलावं लागेल, आणि ते एकटीने बोलू नकोस, तुझ्या आई-वडिलांना बरोबर घे.

दोन दिवस काढून आत्याच्या घरी राहायला जा. वही नको, मोबाइलचं रेकॉर्डिंग नको. तिच्याबरोबर भाजी निवड, दळण आण. म्हशीची गोष्ट तिला तू स्वतः सांग, आणि ‘आत्या, माझ्यासाठी केलं ते तुझ्यासाठी का नाही केलं, हे मी आबांना कधी विचारलं नाही’ असं म्हण. मग ती रागावली तर रागावू दे. हा राग तिने इतकी वर्षं कुणासमोर काढलेला नाही. ती बोलली आणि लिहायला हो म्हणाली, तर तिची शाळा आणि तुझी म्हैस एकाच पानावर, सालासकट लिही. कारणमीमांसा करत बसू नकोस. मसुदा काकांच्या आधी तिला वाचून दाखव.

नको म्हणाली, तर तिचा विषय पूर्ण गाळ, आडून सुचवूसुद्धा नकोस. म्हशीची गोष्ट तुझी आहे, ती लिही. पण ‘मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते’ ही ओळ मात्र छापू देऊ नकोस. काका रुसले तरी चालेल, एवढ्यावर अडून बस.