रिकाम्या प्लाझ्मिडनेच ग्लियल पेशी भडकल्या, आता काय करू?

प्रश्न : ताई, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एचआयव्हीचं एन्व्ह जीन (विषाणूच्या आवरणातलं प्रोटीन बनवणारं) विषाणूतून जसंच्या तसं उचलून प्लाझ्मिडमध्ये (डीएनएचं छोटं वर्तुळ) सीएमव्ही प्रमोटरखाली (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) टाकलंय, उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये (मेंदूतल्या ग्लियल, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याचा परिणाम बघायचाय. एचईके 293टी मध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) कंट्रोल मस्त चमकतो पण माझ्या जीनचा वेस्टर्नमध्ये (प्रोटीन ओळखायची चाचणी) बँडच नाही, आणि अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये रिकामा (माझं जीन नसलेला) प्लाझ्मिड टाकला तरी आयएल-6 (दाहाचा संकेत देणारं प्रोटीन) वाढतो. सर म्हणतात प्रमोटर बदल. बदलू का?

उत्तर : बदल, पण आत्ता नको. 293टी मध्ये बँड नाही याचा ग्लियाशी काही संबंधच नाही गं. एन्व्हच्या मूळ आरएनएला केंद्रकातून बाहेर पडायला विषाणूचंच रेव्ह प्रोटीन लागतं, ते नसेल तर आरएनए आतच अडकतो आणि प्रोटीन जवळजवळ बनतच नाही, मग प्रमोटर कितीही दमदार असो. रेव्हचा प्लाझ्मिड सोबत टाक, त्यासाठी तुझ्या तुकड्यात आरआरई हा भाग (आरएनएवर रेव्ह जिथे चिकटतं ती जागा) शाबूत हवा, नाहीतर सरळ कोडॉन ऑप्टिमाइज केलेलं (प्रोटीन तेच, पण डीएनएची अक्षरं बदललेलं) जीन घे, त्याला रेव्ह लागत नाही. आणि फक्त जीपी120 चा (एन्व्ह प्रोटीनच्या बाहेरच्या भागाचा) तुकडा घेतला असशील तर ते पेशीबाहेर सोडलं जातं. तू लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) चालवतेस आणि प्रोटीन बसलंय मीडियममध्ये (पेशी वाढतात त्या द्रवात), जे तू टाकून दिलंस! (मी पण टाकलंय, दोनदा.)

आता आयएल-6, खरी डोकेदुखी ही. प्लाझ्मिड ई. कोलाय जीवाणूंमध्ये वाढवला की शुद्ध करतानाही एंडोटॉक्सिन (जीवाणूच्या आवरणातला विषारी अंश) थोडं मागे राहतं, साध्या मिनीप्रेपमध्ये (प्लाझ्मिड काढायची छोटी पद्धत) तर हमखास. बऱ्याच पेशींना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण अ‍ॅस्ट्रोसाइटच्या प्लेटमध्ये थोड्या मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) लपलेल्या असतातच आणि त्यांच्यावर टीएलआर4 (एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर) आहे, म्हणजे एंडोटॉक्सिनचा थेंबभर वास आला तरी बोंबाबोंब. त्यात ट्रान्सफेक्शनने (पेशीत बाहेरून डीएनए घालण्याने) शिरलेला डीएनए सीजीएएस-स्टिंगची (परका डीएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवणारी) वाट चाळवतो ते वेगळंच. दोष कुणाचा हे कळायला एक विहीर (प्लेटमधला खळगा) अशी ठेव की त्यात रिकामा प्लाझ्मिड नुसता मीडियममध्ये टाकायचा, ट्रान्सफेक्शनचं रिएजंट अजिबात नाही. रिएजंटशिवाय डीएनए आत फारसा जात नाही, त्यामुळे तरीही आयएल-6 चढला तर संशय एंडोटॉक्सिनवर घे आणि एंडोटॉक्सिन-फ्री किटने नव्याने प्रेप कर. नुसत्या रिएजंटची विहीर पण हवीच. आणि रिकामा प्लाझ्मिड नि जीनवाला प्लाझ्मिड एकाच दिवशी, एकाच किटने काढ, नाहीतर तुलना करतेस कशाशी?

जीएफपी चमकतो म्हणून फार खूश होऊ नकोस बरं का, 293टी मध्ये एसव्ही40 (माकडांमधला एक विषाणू) चा लार्ज टी अँटिजेन हे प्रोटीन असतं, तुझ्या प्लाझ्मिडवर एसव्ही40 ओरिजिन (प्रती काढायला सुरुवात होते ती जागा) असेल तर तिथे त्याच्या प्रती वाढत जातात. प्रायमरी (थेट उंदरातून काढलेल्या) अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ही चैन नाही.

सरांचा प्रमोटर यानंतर. मिश्र कल्चरमध्ये फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येच जीन चालू करायचं असेल तर जीफॅपचा (अ‍ॅस्ट्रोसाइटमधल्या एका प्रोटीनचा) प्रमोटर घे, त्याचा जुना प्रकार जीएफए2 साधारण 2.2 किलोबेसचा आहे आणि आटोपशीर जीएफए-एबीसी1डी 681 बेसपेअरचा. सीएमव्हीपेक्षा जोर कमी भरेल, ते धरूनच चाल. आणि हा प्लाझ्मिड तपासायला परत 293टी कडे पळू नकोस, हा प्रमोटर अ‍ॅस्ट्रोसाइटसाठीचा, म्हणून तिथे बँड फिका किंवा गायब दिसला म्हणजे क्लोनिंग चुकलं असं होत नाही.