तक्त्यात राहून गेलेला रकाना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निवृत्तीच्या नियोजनाचा तक्ता पाहिला. तिशीच्या आत पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंडाच्या दोन एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) असं सगळं मार्गी लावलंयस, फार बरं वाटलं. त्यातलं 'पेन्शन मिळेलच' एवढं मात्र खोडून टाक. सप्टेंबर 2014 पासून पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्यांचा मूळ पगार 15,000 च्या वर असेल, तर ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची, पेन्शन त्यांना लागूच होत नाही. ज्यांना लागू आहे, त्यांचाही हिशोब बहुतेक 15,000 पगारावरच होतो; 35 वर्षं भरली तरी महिना 7,500. तुझा आजचा 40,000 चा घरखर्च मात्र 6 टक्के महागाईने तीस वर्षांनी 2,30,000 च्या घरात जाईल. म्हणून पगार वाढला की एसआयपी वाढव, आणि नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर.

हे तू करशील, मला खात्री आहे. पण तुझ्यामागे हे सगळं कुणाचं, याला तक्त्यात रकानाच नाही. अशुभ बोलतेय असं समजू नकोस. बँकेत मी बरीच वर्षं मयत खातेदारांचे क्लेम पाहिले. समोर बसलेली बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून मृत्यूचा दाखला काढायची, आणि फॉर्मवर नॉमिनी निघायची तिची सासू. कारण खातं नवऱ्याने पहिल्या नोकरीत उघडलेलं. लग्न झालं, मुलं झाली, फॉर्म तसाच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच ते नाव सांगतं, हक्क वारसांचा असतो. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. म्हणजे त्या सुनेला बँकेतल्या पैशांत वाटा मागता येतो, पण पॉलिसीवरही सासूचंच नाव असेल तर तिथे काही मिळत नाही.

आता तुझं. दरमहा आई-बाबांना पैसे पाठवतेस, आणि पुढच्या वर्षी लग्न आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे विवाहित स्त्रीची स्वतःची कमाई आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि तेही नसतील तेव्हा कुठे तिच्या आई-वडिलांकडे! 'ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण' हा 2009 चा निकाल वाच. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता गेली. तिचा पीएफ आणि बँकेतले पैसे मिळाले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. तिच्या माहेराबद्दल सहानुभूती वाटली तरी कायदा वाकवता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो. तो बदलेल तेव्हा बदलेल, तू त्यासाठी थांबू नकोस.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण तू करून घे. तुझ्या सहीला दोन साक्षीदार हवेत. त्यातून काहीही न मिळणारे आणि शक्यतो तुझ्याहून लहान निवड. पुढे हवं तेव्हा बदलता येतं. लग्न झाल्यावर पीएफचं नॉमिनेशन नव्याने भर. तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावंही त्यात घालता येतात. बँकेच्या खात्याला तर नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात.

मसुदा झाला की पाठव. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडून तपासून घेऊ. होणाऱ्या नवऱ्यालाही सोबत बसव, त्याचंही मृत्युपत्र त्याच दिवशी होऊन जाऊ दे.

तुझी,
मावशी