आधी ब्रेक, मग बाकीचं

रोजची गाडी रेसिंग ट्रॅकवर न्यायचीय ना? मग इंजिनला एवढ्यात हात लावू नकोस. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मोठा सायलेन्सर वगैरे हौस पुढच्या वर्षी. पहिले पैसे ब्रेकवर जाऊ देत.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण ओल मुरली की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर हे कळतही नाही. कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर मात्र चार-पाच जोरदार फेऱ्या झाल्या की ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून जायच्या आठवड्यातच ऑइल बदल, चारही चाकांचं ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं) करून घे, पॅड निम्मे झिजले असतील तर नवे टाक. ब्रेक गार व्हायला शेवटची फेरी सावकाश मार. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव.

स्टेपनी, जॅक, मॅट, डिकीतला पसारा बाहेर. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळ. बॅटरी सैल नाही ना, हलवून बघ. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, तेव्हा गेज जवळ असू दे.

रोल केज (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) नसताना चार-पॉइंट हार्नेस (चार ठिकाणी अडकवायचा शर्यतीचा पट्टा) लावू नकोस, कोणी कितीही सांगो. मूळचा पट्टाच बरा.

आणि विमा? नेहमीच्या पॉलिसीत शर्यत बसत नाही. ठोकलीस तर खर्च तुझाच.