‘ट्रॉय’ पाहून पडलेले प्रश्न

‘ट्रॉय’ या 2004 सालच्या चित्रपटाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. कथा ग्रीक आणि ट्रॉय नगर यांच्यातल्या युद्धाची आहे. हेक्टर हा ट्रॉयचा राजपुत्र, अकिलीस हा ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा, आणि ‘इलियड’ हे या युद्धावरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य.

हेक्टर आणि अकिलीस यांचं द्वंद्व होमरच्या ‘इलियड’मध्ये असंच आहे का? (नाशिक)

शेवट तोच आहे, बाकी जवळजवळ सगळं वेगळं. चित्रपटातला हेक्टर शांतपणे वेशीबाहेर येतो आणि बराच वेळ तोडीस तोड लढतो. ‘इलियड’च्या 22व्या सर्गात अकिलीस जवळ येताच हेक्टरचा धीर सुटतो आणि तो पळत सुटतो. नगराभोवती तीन फेऱ्या होतात. मग अथीना देवी त्याच्या भावाचं, डीफोबसचं रूप घेऊन शेजारी उभी राहते. भाऊ सोबत आहे या भरवशावर तो थांबतो. त्याचा भाला अकिलीसच्या ढालीवर आपटून उडतो. दुसरा भाला मागायला वळतो तर भाऊ तिथे नाहीच. देवांनी आपल्याला मरणाकडे आणलंय, हे त्याला त्या क्षणी कळतं.

याहून मोठी गोष्ट चिलखताची. हेक्टरच्या अंगावरचं चिलखत मुळात अकिलीसचंच. ते घालून अकिलीसचा जिवलग सोबती पट्रोक्लस लढला, हेक्टरने त्याला मारलं आणि चिलखत उतरवून स्वतः घातलं. आता कांस्याने झाकलेल्या त्या देहावर अकिलीस उघडी जागा शोधतो. ती मान आणि खांदा जुळतात तिथे, कॉलरबोनपाशी सापडते. भाला मानेतून आरपार जातो, पण श्वासनलिका कापली जात नाही. म्हणूनच मरता मरता हेक्टर बोलू शकतो. चित्रपटात पट्रोक्लस अकिलीसचं चिलखत घालतो, पण हेक्टर ते घेत नाही, त्यामुळे हा धागा तिथेच तुटतो. शिवाय रणांगणात उतरणारे देवच काढून टाकल्यामुळे हेक्टरची फसवणूक दाखवायची सोय राहिली नाही. पडद्यावरचं द्वंद्व देखणं आहे, पण होमरचा घाबरलेला हेक्टर आम्हाला जास्त जवळचा वाटतो.

चित्रपटातली शस्त्रं आणि लढण्याची पद्धत त्या काळाला धरून आहे का? (पुणे, इतिहासाची विद्यार्थिनी)

थोडीच. ट्रॉयचं युद्ध साधारणपणे इ.स.पू. 1200च्या आसपास, म्हणजे कांस्ययुगाच्या अखेरीस धरतात. किनाऱ्यावर उतरल्यावर अकिलीसची माणसं ढालींचं छप्पर करून बाणांपासून वाचतात, ही रोमन सैन्याची पद्धत. गोल ढाली एकमेकींना भिडवून ओळीने पुढे सरकणारे ग्रीक सैनिकही सुमारे पाच शतकं नंतरचे. होमरचे वीर रथातून रणांगणात येतात आणि उतरून लढतात. सारथी घोडे जवळच तयार ठेवतो, म्हणजे माघार घेताना उडी मारून चढता येतं.

तलवारींची एक अडचण लक्षात घ्या. तांब्यात दहावा हिस्सा कथील घातलं की चांगलं कांस्य होतं, पण जुन्या मायसीनी (कांस्ययुगातल्या ग्रीक) तलवारींची पाती लांब, अरुंद, आणि मुठीत शिरणारा भाग आखूड असे. पातं मुठीला रिव्हेटने जोडलेलं. आडवा घाव घातला की सगळा ताण त्या सांध्यावर येऊन पातं तिथेच मोडायचं. म्हणून ती भोसकण्याची तलवार. मुठीचा गाभा पात्यासोबत एकसंध ओतलेली, घाव झेलणारी तलवार ग्रीसमध्ये इ.स.पू. 1200च्या सुमारास दिसू लागते. चित्रपटातल्यासारखी पात्यावर पातं आपटणारी खणाखणी जुन्या तलवारींनी फार वेळ चालली नसती.

खऱ्या चिलखताचा नमुना पाहायचा असेल तर ग्रीसमधल्या डेंड्रा इथल्या थडग्यात 1960 साली मिळालेलं कांस्याचं चिलखत शोधा. ते इ.स.पू. 15व्या शतकातलं आहे, म्हणजे युद्धाच्याही आधीचं. ‘इलियड’च्या 10व्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांच्या पट्ट्या शिवलेली टोपी घालतो. अशा टोप्यांचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत.

मेनेलॉस आणि अगामेम्नॉन ट्रॉयमध्येच मेले का? (बेळगाव)

नाही. चित्रपटात स्पार्टाचा राजा मेनेलॉस याला हेक्टर मारतो आणि त्याचा भाऊ, ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याला अकिलीसची बंदिवान ब्रायसीइस. होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्याच्या 4थ्या सर्गात मेनेलॉस बायको हेलनसह स्पार्टात सुखाने राहतोय. अगामेम्नॉन युद्ध जिंकून घरी परततो आणि तिथे त्याची हत्या होते. त्या कटात त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आहे. हा बदल आम्हाला सगळ्यात जड वाटतो, कारण ग्रीक नाटककार इस्किलसची इ.स.पू. 458मधली ‘ओरेस्टिया’ ही नाटकत्रयी याच घरवापसीवर उभी आहे. अगामेम्नॉन ट्रॉयमध्येच संपला तर ती सुरूच होत नाही.

टाचेची गोष्ट ‘इलियड’मध्ये आहे का? (मिरज)

नाही. आईने लहानग्या अकिलीसला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवताना त्याची टाच कोरडी राहिली आणि तेवढीच जागा दुबळी उरली, ही कथा रोमन कवी स्टॅटियसकडे, इ.स.च्या पहिल्या शतकात येते. चित्रपटाने मात्र सुरेख जोडणी केली आहे. अकिलीसला टाचेत आणि नंतर छातीत बाण लागतात. छातीतले तो स्वतः उपटतो, टाचेतला तसाच राहतो. प्रेत पाहणाऱ्यांना तेवढा एकच दिसतो.

कोणती आवृत्ती पाहावी? (ठाणे)

लांबी तपासा. 2004ची चित्रपटगृहातली आवृत्ती सुमारे 163 मिनिटांची, 2007ची दिग्दर्शकाची 196. दुसरीत नगर लुटण्याची हिंसा बरीच वाढवली आहे आणि पार्श्वसंगीतही काही ठिकाणी बदललं आहे. घरात मुलं असतील तर तिच्या वाट्याला जाऊ नका.

‘इलियड’ वाचायला घ्यायचं तर कुठून सुरुवात करू? 24 सर्ग झेपत नाहीत. (गोवा)

आधी 1ला सर्ग, त्यात अकिलीस आणि अगामेम्नॉन यांच्या भांडणाचं कारण आहे. मग 6वा (हेक्टर आणि त्याची बायको आंद्रोमाकी यांचा निरोप), 9वा (अकिलीसची मनधरणी), 16वा (पट्रोक्लसचा मृत्यू), 18वा, 22वा आणि 24वा. 2ऱ्या सर्गातली जहाजांची यादी पहिल्या वाचनात ओलांडली तरी चालेल. ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा शोधू नका. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यसंस्कारांवर संपतं. घोडा ‘ओडिसी’च्या 8व्या सर्गात आणि रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्याच्या 2ऱ्या सर्गात भेटतो. 24वा सर्ग वाचून झाला की चित्रपटातला हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम अकिलीसच्या तंबूत येतो तो प्रसंग पुन्हा लावा. मुलाला मारणाऱ्याच्या हातांचं चुंबन घेणारा बाप पीटर ओ’टूलने होमरच्या अगदी जवळ नेला आहे.