डायपर बॅग कुठली घेऊ? एसटी, फेरीबोट आणि आपला पाऊस धरून

प्रश्न : ताई, आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, बाळ पाच महिन्यांचं आहे. डॉक्टरांकडे एसटीने चिपळूणला जावं लागतं, माहेर दापोलीकडे म्हणून धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरतो, आणि आता मांडवी एक्सप्रेसने ठाण्याला नणंदेकडे जायचंय. सध्या मिस्टरांच्या ऑफिसच्या सॅकमध्ये सगळं कोंबते, ओलं-सुकं एक होतं आणि हवं तेव्हा काही सापडत नाही. ऑनलाईन बघितलं तर हजाराच्या आतल्या बॅगा आहेत तशा चार-पाच हजारांच्याही आहेत, कुणाला वीस कप्पे, कुणाच्यात पाळणा उघडतो. सासूबाई म्हणतात आम्ही एका पिशवीत बाळोती घेऊन मुंबईपर्यंत जायचो, एवढे पैसे कशाला. नक्की काय बघून घेऊ?

उत्तर : अगं, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. बॅगेवर बाळाचं चित्र असलं की किंमत वाढते, काम वाढतंच असं नाही. पण तुझी अडचण पण खरी आहे, कारण तुझ्या कडेवर बाळ असताना तुला एकच हात मोकळा असतो, आणि बॅग निवडताना सगळ्यात आधी हेच बघायचं. दुकानात गेलीस तर बाळाला घेऊनच जा, बॅगेत एक-एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या टाक, पाठीला लाव, आणि मग एका हाताने चेन उघडून तळातली वस्तू काढून बघ. चेन मध्येच अडकली, किंवा वरचं झाकण धरायला दुसरा हात लागला, की ती बॅग कितीही छान दिसूदे, ठेवून दे.

रिकामी बॅग किलोच्या आतच हवी. डायपर, कपडे, पाणी, थर्मास भरला की तीन-चार किलो सहज होतात आणि वर बाळ. पाळणा उघडणाऱ्या बॅगा मला मुळीच पटत नाहीत, वजन आणि आकार दोन्ही वाढतं आणि एसटीच्या सीटवर तो पाळणा उघडायला जागा कुठे असते? बाबागाडीला अडकवायच्या हुकांसाठी पण पैसे देऊ नकोस, आपल्या पाखाडीवर आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर बाबागाडी चालतेच कुठे. आणि शहरात चालवलीस तरी मुठीला जड बॅग टांगली की गाडी मागे उलटू शकते.

पाठीवरचीच घे, दोन पट्ट्यांची. फेरीबोटीत चढताना-उतरताना रॅम्प ओला असतो, बाजूने गाड्या चढत असतात, तेव्हा एका खांद्यावरची पिशवी घसरली की आपण ती सावरायला वाकतो, आणि नेमकं तेव्हाच बाळाला दोन्ही हात हवे असतात. स्कूटरवर मागे बसणार असशील तर पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत खोचून टाक, चाकात जाता कामा नयेत.

आता आपल्याकडचा मोठा मुद्दा, दमट हवा आणि पाऊस. लेदरसारख्या दिसणाऱ्या, वरून रेक्झिनचा थर दिलेल्या बॅगा दुकानात झकास दिसतात पण दमट हवेत तो थर चिकट होतो, मग पोपडे सुटतात आणि ते पोपडे बाळाच्या हाताला लागतात. त्यापेक्षा जाडसर पॉलिस्टर किंवा नायलॉन घे. चेन प्लास्टिकची किंवा नायलॉनची हवी, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी चेन गंजून अडकते. वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतंच, त्यामुळे वरून घालायचं रेनकव्हर वेगळं घे, आणि सुके कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत. अजून एक बघ, पट्ट्यात आणि पाठीशी किती फोम भरलाय. आषाढात जाड फोम पडवीतल्या दांडीवर दिवसेंदिवस वाळत नाही, मग आत बुरशीचा वास धरतो, आणि तो वास दुपट्यांना लागतो. थोडा कमी गुबगुबीत पट्टा असला तरी चालेल पण वाळला पाहिजे. आतलं अस्तर फिक्या रंगाचं आणि ओल्या फडक्याने पुसता येईल असं घे, काळ्या अस्तरात संध्याकाळच्या गाडीत टोपरं शोधायचं म्हणजे हैराण व्हायला होतं.

कप्पे? बाहेर एक, आत दोन-तीन, बास. वीस कप्पे असले की कुठे काय ठेवलंय तेच आठवत नाही. त्याऐवजी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या पाऊचमध्ये सामान लावून ठेव, मग बाळ मिस्टरांकडे किंवा सासूबाईंकडे असलं तरी 'निळा पाऊच द्या' एवढंच सांगावं लागतं. एका पाऊचमध्ये डायपर, वाइप्स आणि घडी केलेलं मेणकापड. मेणकापड विसरू नकोस हं, गाडीच्या बर्थवर, एसटीच्या सीटवर, कुठेही ते अंथरून वर सुती दुपटं टाकलं की काम होतं. दुसऱ्यात झबल्यांचे दोन जोड आणि तुझ्यासाठी एक कुर्ता, कारण बाळ ओकलं तर भिजतो आपण दोघंही. तिसरा ओल्या कपड्यांचा, आतून प्लास्टिकचा थर असलेला, आणि हा दरवेळी घरी आल्याआल्या रिकामा करायचा. लशीचं कार्ड आणि डॉक्टरांची फाइल बाहेरच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये.

डायपर किती घ्यायचे याचा माझा हिशोब साधा आहे, दर दोन-तीन तासांना एक आणि वर दोन जास्तीचे. चिपळूणला जाऊन यायचं तर चार-पाच पुरतात, ठाण्याच्या प्रवासाला जास्तच घे, पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि उशीर झाला तर मधल्या स्टेशनवर तुझ्या मापाचा डायपर मिळेलच असं नाही. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून पिशवीत बांध आणि डस्टबिन दिसेपर्यंत जवळच ठेव. गाडीच्या संडासात टाकला तर बायो-टॉयलेट तुंबतं आणि पुढच्या सगळ्यांचे हाल होतात, खाडीत तर अजिबातच नको.

बाळ अंगावर पीत असेल तर बाटलीच्या गरम-गार कप्प्यासाठी जादा पैसे घालवू नकोस. मोठ्या एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, स्टँडवर उतरलीस की विचार, तिथे निवांत पाजता येतं. वरचं दूध पावडरचं असेल तर ते घरून तयार करून नेऊ नकोस, पावडर मोजून कोरड्या डबीत आणि उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये ने. पावडर कालवताना पाणी किमान 70 अंश गरम हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मग बाटली बाहेरून गार पाण्यात धरून कोमट करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायची. उरलेलं दूध नंतरसाठी ठेवायचं नाही, आपल्या उकाड्यात तर नाहीच. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, वाटी-चमचा, लाळेरं हे सगळं वाढणार आहे, तेव्हा बॅग अगदी लहानही घेऊ नकोस, 20-25 लिटरची बरी.

आणि मिस्टरांची ती सॅक जर हलकी असेल, चेन धड असेल, तर आधी फक्त पाऊच आणि रेनकव्हर घेऊन तीच वापरून बघ. जमलं तर नवी बॅग घ्यायची गरजच नाही. रोजच्या जवळपासच्या कामाला मात्र सगळी बॅग उचलू नकोस, दोन डायपर, वाइप्स आणि दुपटं मावेल अशी एक कापडी पिशवी दाराशी टांगून ठेव.

प्रश्न : नातीचं बारसं आहे, मुलगी-जावई पुण्यात असतात. बाळंतविड्यासोबत डायपर बॅग द्यावी म्हणतो. मी देवगडला राहतो, कुठली घ्यावी?

उत्तर : काका, आधी जावयांना फोन करून विचारा घेतलीय का, बऱ्याचदा अशा दोन-दोन बॅगा घरात येऊन पडतात. घेणार असाल तर गुलाबी-बिलाबी न घेता राखाडी किंवा निळी घ्या आणि पट्टा लांब-आखूड होणारा बघा, म्हणजे जावई पण बिनदिक्कत पाठीला लावतील, बॅग एकट्या आईनेच वाहायची असं कुठे आहे. पुण्यात ते कारने फिरत असतील तर थोडी मोठी चालेल. बिल जपून ठेवा, बदलून घ्यायला लागतं. आणि त्यांनी आधीच घेतलेली असेल तर त्याच पैशांत मऊ सुती दुपटी, दोन चांगली मेणकापडं आणि एक स्टीलचा थर्मास द्या.